समोर दिसणारं बेट: महामारीत मालदीवच्या रिसॉर्टमधून बाहेर का जाता येत नव्हतं?

ऑक्टोबर २०२०चा पहिला आठवडा. जूनमध्ये ५० माणसांच्या परवानगीत लग्न झालेला माझा भाचा अखेर बायकोला घेऊन मालदीवला पोचला होता. तिसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे तो निळा-हिरवा समुद्र, आणि याचा आवाज मात्र फुरंगटलेला.

“मावशी, इथे वाळूवर दिवसभर तोंडाला काही न लावता हिंडतोय आम्ही. कोणी काही बोलत नाही. समोर एक गाव दिसतंय बघ, तो मशिदीचा मिनार. बोटीने दहा मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. पण तिकडे सोडा म्हटलं की साफ नाही म्हणतात. इथे सगळं मोकळं आणि तिथे बंदी, हा कसला नियम?”

प्रश्न रास्त होता. मी शाळेत भूगोल शिकवते, म्हणून तो माझ्याकडे आला असावा. फोनवर सांगता आलं तेवढं सांगितलं, पण उत्तर मोठं होतं. तो नियम त्या देशाच्या नकाशातून निघाला होता. नकाशा नीट पाहिला की नियमाचा अर्थ कळतो, आणि त्याची किंमत कोणी मोजली तेही कळतं.

मालदीव म्हणजे उत्तर-दक्षिण आठशेहून जास्त किलोमीटर पसरलेली सुमारे १,२०० बेटं. प्रवाळाच्या गोलाकार रांगांवर ती बसली आहेत. आपल्या पुस्तकात त्याला कंकणद्वीप म्हणतात. इंग्रजीतला ‘अ‍ॅटॉल’ हा शब्द मुळात मालदीवच्या दिवेही भाषेतून जगभर गेला. या १,२०० बेटांपैकी दोनशेहून कमी बेटांवर गावं आहेत. पर्यटन १९७२ साली सुरू झालं, आणि तिथे एक वेगळी पद्धत रुळली: एक बेट, एक रिसॉर्ट. जिथे वस्ती नाही असं बेट हॉटेलवाल्याला भाडेपट्ट्याने द्यायचं. मग त्या बेटावर फक्त दोन प्रकारची माणसं राहतात, पाहुणे आणि त्यांची सरबराई करणारे कर्मचारी. वीज तिथेच बनते, खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी तिथेच होतं. बाकी सगळं बोटीने येतं.

म्हणजे महामारी यायच्या कितीतरी आधीच त्या देशाने पाहुणे आणि गावकरी वेगळे ठेवले होते. मुस्लिम समाजाच्या चालीरीती आणि परदेशी पाहुण्यांचं राहणं यांची गल्लत होऊ नये, हाही त्यामागचा एक हेतू. २००९-१०च्या सुमारास गावांच्या बेटांवरही गेस्ट हाउस काढायला परवानगी मिळाली आणि माफुशीसारख्या बेटांवर घराघरांतून छोटी हॉटेलं उभी राहिली. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तिसऱ्या प्रकारचं बेट, राजधानी माले. जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या आसपासची जमीन आणि तिच्यावर लाखाहून जास्त माणसं. एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारे परदेशी मजूर, त्यांत बांगलादेशी सर्वांत जास्त. देशातले बहुतेक तज्ज्ञ डॉक्टर आणि मोठी इस्पितळं इथेच. त्यांतलं इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल भारताच्या मदतीने उभं राहिलेलं. गावाच्या बेटावर साधारणपणे एक छोटं आरोग्य केंद्र असतं. ताप, जखम, बाळंतपणातली साधी तपासणी तिथे होते. माणूस ऑक्सिजनवर गेला की मात्र बोट काढावी लागते, किंवा विमान.

भाच्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. तो ज्या मिनाराकडे बोट दाखवत होता, त्या गावात कोविडचे दहा गंभीर रुग्ण एकदम निघाले असते तर त्यांना ठेवायला जागा नव्हती. पाहुण्याला रिसॉर्टच्या बेटावर अडवून ठेवण्यात पाहुण्याचं रक्षण हा मुख्य हेतू नव्हताच. रक्षण गावाचं चाललं होतं.

मार्च २०२०मध्ये हे सगळं फार झपाट्याने घडलं. ७ मार्चला मालदीवमध्ये पहिले दोन रुग्ण सापडले, दोघेही ल्हावियानी अ‍ॅटॉलमधल्या कुरेडू या रिसॉर्टचे परदेशी कर्मचारी. तिथे राहून गेलेला एक इटालियन पर्यटक मायदेशी परतल्यावर बाधित निघाला होता. त्याच्याकडून त्यांना लागण झाली. सरकारने तत्काळ ते बेटच बंद केलं. कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही. तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या भाषेत बेट ‘निरीक्षणाखाली’ गेलं.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, कारण त्या काळात आपल्याकडे वर्तमानपत्रांतसुद्धा यासाठीचे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जात होते. बाधित माणसाला वेगळं ठेवणं हे एक, म्हणजे आयसोलेशन. बाधित आहे की नाही हे माहीत नसलेल्या, पण संपर्कात आलेल्या माणसाला काही दिवस वेगळं ठेवणं हे दुसरं, म्हणजे क्वारंटाइन किंवा विलगीकरण. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारत होते, तो या दुसऱ्या गटासाठी. आणि तिसरं म्हणजे माणसाला न अडवता जागेलाच कुंपण घालणं. आत कोण बाधित आणि कोण निरोगी हे ठरायच्या आधी दार लावून घ्यायचं. शहरात असं कुंपण घालणं किती अवघड असतं ते आपण पाहिलं: बांबू बांधायचे, पत्रे ठोकायचे, पोलीस उभे करायचे, तरी मागच्या गल्लीतून माणसं जातातच. बेटाला हे कुंपण निसर्गाने दिलेलं असतं. धक्क्यावरच्या बोटी थांबवल्या की झालं.

कल्पना जुनी आहे. एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुसा म्हणजे आजच्या दुब्रोवनिक शहराने १३७७ साली ठरवलं, की प्लेग असलेल्या भागातून येणाऱ्यांनी शहरात शिरण्याआधी महिनाभर जवळच्या छोट्या बेटावर किंवा शेजारच्या गावी काढायचा. पुढे ३० दिवसांचे ४० झाले आणि इटालियन भाषेतल्या ‘चाळीस’वरून क्वारंटाइन हा शब्द आला. तेव्हा माणसाला बेटावर पाठवत, आणि बेटावर जाणं ही शिक्षा वाटे. सहाशेहून अधिक वर्षांनी लोक त्यासाठी लाखभर रुपये मोजून रांग लावू लागले.

१२ मार्चला मालदीवने देशात सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. अशी आणीबाणी त्यांच्याकडे पहिल्यांदाच लागत होती. २०१२च्या आरोग्य संरक्षण कायद्याने त्यांच्या ‘हेल्थ प्रोटेक्शन एजन्सी’ला त्यासाठी अधिकार दिलेले होते. मार्चच्या मध्याला गावांतल्या गेस्ट हाउसांत पर्यटक ठेवायला बंदी आली, आणि २७ मार्चला विमानतळावर मिळणारा पर्यटक व्हिसाच थांबला. दक्षिण आफ्रिकेचं एक नवविवाहित जोडपं त्याच सुमारास सहा दिवसांसाठी तिथे गेलं होतं. मायदेशात टाळेबंदी लागली, विमानं बंद झाली, आणि ते दोघं रिसॉर्टमध्ये अडकले. भोवती सगळा कर्मचारीवर्ग आणि पाहुणे फक्त हे दोघे. त्यांची बातमी जगभर गोड गोष्टीसारखी छापली गेली. मला ती वाचताना त्या कर्मचाऱ्यांचाच विचार येत होता. तेही अडकलेच होते, आणि त्यांना आपापल्या घरी कधी जाता येईल हे कोणी विचारत नव्हतं.

१५ एप्रिलला मालेमध्ये पहिला स्थानिक रुग्ण सापडला आणि शहर बंद झालं. ज्याची भीती होती तेच झालं: दाटीच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांमध्ये साथ पसरली. ८ मे रोजी भारतीय नौदलाचं ‘जलाश्व’ जहाज ६९८ भारतीयांना घेऊन मालेहून कोचीकडे निघालं. ‘समुद्र सेतू’ या मोहिमेतली ती पहिली फेरी. मालदीवमध्ये काम करणाऱ्या कितीतरी भारतीयांची नोकरी तोवर गेलेली होती.

आणि मग १५ जुलै २०२०ला मालदीवने पर्यटकांसाठी दारं उघडली. कोणत्याही देशाचा माणूस यावा, १४ दिवसांचं विलगीकरण नाही, सुरुवातीला तर निघण्याआधीची तपासणीही नाही. विमानात बसण्याआधी ‘इमुगा’ नावाच्या ऑनलाइन अर्जात आरोग्याची माहिती भरायची, एवढंच. तेव्हा अनेकांना हा निव्वळ पैशासाठीचा बेफिकीरपणा वाटला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

पैशाची निकड होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. २०१९मध्ये १७ लाख पर्यटक आलेल्या देशाकडे २०२०मध्ये साडेपाच लाखच आले आणि त्या वर्षी देशाची अर्थव्यवस्था जवळपास एक तृतीयांशाने आकसली. ज्या देशाला धान्य, भाजी, इंधन, औषधं सगळं बाहेरून विकत आणावं लागतं, त्याच्यासाठी परकीय चलन थांबणं म्हणजे स्वयंपाकघर थांबणं.

पण नियमात एक हिशेबही होता, आणि तो मला आजही पटतो. कोविडची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला त्या वेळच्या विषाणूत सरासरी पाच-सहा दिवस लागत, क्वचित १४पर्यंत. मालदीवला येणारा पर्यटक साधारण आठवडाभर राहतो. त्याला १४ दिवस खोलीत बसवलं तर तो येणारच नाही. पण तो सगळा आठवडा एकाच बेटावर राहिला, विमानतळावरून थेट तिथे गेला आणि तिथूनच थेट विमानात बसला, तर त्याची सुट्टी हाच त्याचा विलगीकरणाचा काळ होतो. खोलीच्या चार भिंतींच्या जागी बेटाचा किनारा. तो बाधित असलाच तर विषाणू त्या एका बेटावर राहील, आणि गाव वाचेल.

म्हणून तिथली बंधनं एका बेटावरून दुसऱ्यावर जाण्यावर होती, बेटावर हिंडण्यावर फारशी नव्हती. भाच्याला हेच विचित्र वाटत होतं. आपल्याकडे नियम घराच्या उंबऱ्यावर होता, त्यामुळे नियम म्हणजे मास्क, अंतर, वेळेची मर्यादा असंच आपलं डोकं तयार झालं होतं. तिथे उंबरा समुद्रात होता.

हा हिशेब सुटायचा तर प्रवासाचा प्रत्येक तुकडा बंदिस्त असायला हवा. भूगोलाने इथेही मदत केली. विमानतळ हुल्हुले नावाच्या वेगळ्या बेटावर आहे आणि त्याचा धक्का बाहेरच लागून आहे. माणूस सामान घेऊन बाहेर पडला की रिसॉर्टची स्पीडबोट उभी. पूर्वीच्या काळी पुलाची सोय नव्हती तेव्हा सगळेच असे जात. आता पुलावरून मालेत जाता येतं, पण पर्यटकाने जायचं नाही, असा नियम तेव्हा झाला. अडचण आली ती दूरच्या बेटांची. तिथे समुद्री विमानाने जातात, आणि ही छोटी विमानं दिवसाउजेडीच उडतात. पाण्यावर उतरायला वैमानिकाला लाटा दिसाव्या लागतात. रात्री उतरलेल्या पर्यटकाला कुठे ठेवायचं? त्यासाठी ठरावीक हॉटेलं मान्य करून घेतली गेली, आणि एक रात्र तिथे काढून सकाळी निघायचं असं ठरलं.

दुसरी अट एकाच ठिकाणी मुक्काम करण्याची. आधी लोक चार दिवस स्वस्त ठिकाणी आणि दोन दिवस महागड्या पाण्यावरच्या खोलीत असं गणित करत. दोन रिसॉर्ट म्हणजे दोन बंद पेट्या एकमेकींना जोडल्या जातात. एकीतला विषाणू दुसरीत. म्हणून सुरुवातीला संपूर्ण मुक्काम एकाच नोंदणीकृत ठिकाणी हवा असं होतं, आणि पुढे परवानगी घेऊन मुक्काम विभागता येऊ लागला. बुकिंग करून देणाऱ्यांनी हे नीट सांगितलं नाही म्हणून कितीतरी जण विमानतळावर अडले.

१० सप्टेंबर २०२०पासून निघण्याआधी ७२ तासांच्या आतली आरटी-पीसीआर तपासणी निगेटिव्ह हवी, ही अट आली. रिसॉर्टमध्ये रुग्ण सापडू लागले होते, हे त्याचं कारण. तपासणीची मर्यादाही त्यातून लोकांना कळली. आज घेतलेला नमुना कालच लागण झालेल्या माणसात निगेटिव्ह येऊ शकतो. विषाणू वाढायला वेळ लागतो. त्यामुळे तपासणी ही चाळणी आहे, भिंत नव्हे. चाळणीतून सुटलेल्यासाठी समुद्राची भिंत होतीच.

आता या व्यवस्थेतली सर्वांत मोठी फट. पाहुणा आठवड्याने जातो. कर्मचारी राहतो. बेटाच्या मागच्या बाजूला, पाहुण्यांच्या नजरेआड कर्मचाऱ्यांच्या खोल्या असतात. पाहुण्यांचे बंगले एकमेकांपासून लांब आणि हवेशीर, तर कर्मचारी एका खोलीत चौघे-पाचजण, एकाच भटारखान्यात जेवणारे. विषाणूला हवी ती दाटी बेटाच्या त्या मागच्या भागात होती. आणि दर आठवड्याला नवे पाहुणे नवा विषाणू आणू शकत होते, ज्यांच्या ताटात वाढणारा आणि खोली झाडणारा माणूस मात्र तोच होता. पहिले दोन रुग्ण कर्मचारीच होते, यात नवल नाही.

मग कर्मचाऱ्यांना गावी जायला मनाई झाली, किंवा जायचं तर तपासणी आणि सक्तीचं विलगीकरण. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये काम करणारा स्थानिक मुलगा सुट्टी मिळाली की बोटीने घरी जातो. एरवी ती त्याची सवय. या काळात कित्येकांनी महिनोनमहिने घर पाहिलं नाही. समोरच्या बेटावर आई, मधे दोन किलोमीटर पाणी, आणि रोज संध्याकाळी तिथले दिवे लागलेले दिसतात, असेही असतील. पाहुण्याला चार दिवस गावात जाता आलं नाही तर त्याची सहल थोडी अपुरी राहते. या मुलाचं काय? भारत, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, फिलिपिन्समधून आलेल्यांची घरं तर आणखी लांब. बेटाची भिंत टिकली ती या लोकांच्या जोरावर. एकाही जाहिरातीत हे आलं नाही, आणि याचा मला राग येतो.

दुसरा फटका गेस्ट हाउसवाल्यांना बसला. रिसॉर्ट मोठ्या कंपन्यांचे. गेस्ट हाउस म्हणजे कोणी मच्छीमाराने कर्ज काढून घरावर चढवलेला मजला. रिसॉर्ट १५ जुलैला उघडले, गावांतली गेस्ट हाउसं १५ ऑक्टोबरला. तीन महिन्यांचा हा फरक आरोग्याच्या हिशेबाने योग्यच होता, कारण गेस्ट हाउसचा पाहुणा गल्लीतल्या दुकानात जाणार, फेरीबोटीत गावकऱ्यांशेजारी बसणार. तिथे समुद्राचं कुंपण उपयोगाचं नाही. पण योग्य नियमाचासुद्धा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे स्वतःचं बेट होतं त्याचा धंदा आधी सुरू झाला.

(माझा भाचा गेला तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. आणखी दहा-बारा दिवसांनी गेला असता तर गावच्या बेटावर मुक्काम ठोकू शकला असता. रिसॉर्टमध्ये राहून गावात फेरफटका मारायचा, हे मात्र तेव्हाही नाही.)

भारतीयांच्या बाबतीत गोष्ट इथून पुढे जास्त गुंतागुंतीची होते. ऑगस्ट २०२०मध्ये भारत आणि मालदीवमध्ये ‘एअर बबल’ करार झाला, म्हणजे दोन देशांपुरती ठरवून सुरू केलेली विमानसेवा. युरोप बंद, थायलंड बंद, त्यामुळे मुंबई-दिल्लीची माणसं मालदीवला लोटली. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत मालदीवला सर्वांत जास्त पर्यटक भारतातून गेले. २०२१मध्ये तर तीन लाखांच्या जवळपास. एप्रिल २०२१मध्ये महाराष्ट्रात ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागले, इस्पितळात खाटा मिळेनात, आणि त्याच दिवसांत मुंबईच्या सिनेमावाल्यांचे मालदीवचे फोटो मोबाइलवर येत होते. त्या फोटोंवर लोक चिडले, आणि ते चिडणं मला समजू शकतं.

मालदीवने तेव्हा जे केलं त्यात नियमाचं सगळं तर्कशास्त्र उघडं दिसतं. २७ एप्रिल २०२१पासून भारतातून येणाऱ्या पर्यटकांना गावांच्या बेटांवर राहायला बंदी. रिसॉर्टला मात्र परवानगी कायम. म्हणजे धोका वाढला तेव्हा त्यांनी आधी गावाचं दार लावलं आणि पैशाचं दार उघडं ठेवलं. दोन आठवड्यांनी, १३ मेपासून, भारतासह दक्षिण आशियातल्या देशांच्या लोकांना पर्यटक व्हिसाच बंद झाला. बेटाच्या भिंतीवरचा भरवसाही तिथे संपला.

या दोन तारखांच्या मधे एक प्रसंग क्रिकेट पाहणाऱ्यांना आठवत असेल. ४ मेला आयपीएल थांबली. ऑस्ट्रेलियाने भारतातून येणाऱ्यांना १५ मेपर्यंत दार बंद केलेलं, स्वतःच्या नागरिकांनासुद्धा. त्यामुळे सुमारे ४० ऑस्ट्रेलियन खेळाडू, प्रशिक्षक आणि समालोचक मालदीवला गेले, तिथे दिवस काढले आणि मेच्या मध्याला सिडनीला रवाना झाले. रागुसाच्या जुन्या नियमाचीच ही आवृत्ती: साथीच्या गावातून आलात, आधी बेटावर थांबा.

त्याच मे महिन्यात मालदीवमध्ये दुसरी लाट उसळली होती. मालेत एक वेळ अशी आली की संध्याकाळी ४ ते सकाळी ८ संचारबंदी. राजधानीतला नागरिक दुपारनंतर रस्त्यावर उतरू शकत नव्हता, आणि तासाभराच्या अंतरावरच्या रिसॉर्टमध्ये युरोपातून आलेला पाहुणा सूर्यास्त बघत वाळूवर जेवत होता. दोन्ही नियम एकाच यंत्रणेने काढलेले. साथरोगाच्या हिशेबात ते बसतात; दाटीच्या शहरात पसरण्याचा वेग वेगळा आणि विरळ बेटावर वेगळा. पण हा हिशेब मालेतल्या माणसाला त्याच्या खिडकीतून कसा दिसला असेल? नियम करणाऱ्यांनी हा प्रश्न निदान मोठ्याने विचारायला हवा होता. दक्षिण आशियावरची बंदी १५ जुलै २०२१ला उठली, तोवर पर्यटन कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाने बराच वेग घेतला होता. त्या लसीकरणाची सुरुवात जानेवारीत भारताने भेट दिलेल्या एक लाख डोसांपासून झाली होती.

मालदीवची पद्धत हाच एक मार्ग होता असं नाही. थायलंडने फुकेतमध्ये १ जुलै २०२१पासून नेमकं उलट केलं. फुकेत मोठं बेट, लाखो लोकांची वस्ती, मुख्य भूमीला पुलाने जोडलेलं. तिथे पाहुणा आणि गावकरी वेगळे करणं शक्यच नव्हतं. म्हणून आधी बेटावरच्या ७० टक्क्यांच्या आसपास लोकांना लस दिली, मग लस घेतलेल्या पर्यटकांना आत घेतलं. पहिली तपासणी निगेटिव्ह आली की त्याने बाजारात, देवळात, किनाऱ्यावर कुठेही फिरावं, फक्त १४ रात्री बेट सोडायचं नाही. पुलावर आणि विमानतळावर पहारा. कोह सामुईला त्याहून सावध पायऱ्या होत्या: पहिले तीन दिवस हॉटेलच्या आवारात, पुढचे चार दिवस ठरलेल्या मार्गांवर, आठव्या दिवसापासून आसपासच्या दोन बेटांसह सगळीकडे. मालदीवने माणसं वेगळी केली, थायलंडने आधी गावाला लशीचं कवच घातलं. मला विचाराल तर दुसरी पद्धत जास्त न्यायाची. पण तिच्यासाठी लस हातात असावी लागते, आणि जुलै २०२०मध्ये ती कोणाच्याच हातात नव्हती.

आपल्या लक्षद्वीपची गोष्ट तर मालदीवच्या अगदी लगतची. दक्षिणेकडच्या मिनिकॉय बेटावर बोलतात ती भाषाही दिवेहीच. तिथे वस्तीची दहा बेटं, २०११च्या जनगणनेनुसार ६४ हजार लोक, आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावं लागतं. २०२०चं सगळं वर्ष लक्षद्वीपमध्ये एकही रुग्ण सापडला नाही. जाण्याआधी कोचीत विलगीकरण, तपासणी, बेटावर पोचल्यावर पुन्हा विलगीकरण, असा कडक क्रम होता. डिसेंबरमध्ये तो सैल करून निगेटिव्ह अहवालावर प्रवेश सुरू झाला, आणि १८ जानेवारी २०२१ला पहिला रुग्ण सापडला. बेटवाल्यांनी नियम सैल करण्याला विरोध केला होता. त्यांना स्वतःचा भूगोल माहीत होता.

अंदमानात तर ऑगस्ट २०२०मध्ये ग्रेट अंदमानी जमातीतले दहा जण बाधित निघाले. पन्नासच्या आसपास माणसं उरलेली ही जमात. ते बरे झाले, पण तो आकडा वाचून मी कितीतरी वेळ वर्तमानपत्र हातात धरून बसले होते. पन्नासातले दहा. बाहेरून एखादी बोट बेटावर येते तेव्हा पणाला काय लागतं, हे याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

मालदीवमधली आणीबाणी मार्च २०२२मध्ये, दोन वर्षांनी, संपली आणि तपासणीची अटही त्याच महिन्यात गेली. असे नियम पुन्हा कधी आले आणि तुम्ही बेटावर जायचं ठरवलंत, तर बुकिंगच्या आधी काही गोष्टी लेखी मागून घ्या. परतीच्या तपासणीत पॉझिटिव्ह निघालो तर कुठे ठेवणार आणि त्या दिवसांचे पैसे कोण भरणार? एकाच खोलीतल्या जोडीदाराला संपर्कातला धरून तोही अडकणार का? विमान रात्री उतरलं तर मुक्काम कुठे? विम्यात महामारी धरली आहे की वगळली आहे? आणि रात्री छातीत दुखायला लागलं तर बोट कोणत्या इस्पितळाकडे जाते, किती वेळात?

भाच्याला मी हा शेवटचा प्रश्न तेव्हा विचारला होता. तो रिसेप्शनवर जाऊन विचारून आला. मालेला, म्हणाले, लाटा शांत असतील तर पाऊण तास. मग म्हणाला, “मावशी, समोरच्या गावाचीही तीच बोट आहे गं. त्यांनासुद्धा मालेलाच जावं लागतं.” त्यानंतर गावात जायचा विषय त्याने काढला नाही.